चुन्याच्या पाच बरण्या

३ ऑगस्ट

पोचलो. मी, माझी बहीण अंपारो, दोन ट्रंका आणि काचेच्या सोळा रिकाम्या बरण्या. एकही फुटली नाही. पुएब्लाहून सहा तास बस आणि पुढे अर्धा तास दुधाचा ट्रक. अंपारोची चाकाची खुर्ची ड्रायव्हरने दुधाच्या कॅनांमध्ये दोरीने आवळून बांधली आणि तिला म्हणाला, बाई, फार हलू नका, नाहीतर उतरेपर्यंत लोणी निघेल. ती डाव्या ओठाने हसली. उजवा ओठ मार्चमधल्या अर्धांगवायूच्या झटक्यापासून हसत नाही.

घर मनासारखं आहे. बैठं, कौलारू, एकही जिना नाही. शहरातलं तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड सोडलं ते याचसाठी. मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला लहान खोली, पुढे ओसरी, ओसरीपुढे धुकं. धुक्याची मला मुळीच तक्रार नाही. माझ्या अळंब्यांना ते हवंच आहे.

किल्ली शेजारच्या फिलोमेनाबाईंकडे होती. घराची मालकीण निएवेस दोन वर्षांपूर्वी सीमेपलीकडे कामाला गेली. तिची आई ब्रिहिदाबाई त्याच वर्षी वारली. फिलोमेनाबाई बोलक्या आहेत, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. अंपारोचा पलंग मी मोठ्या खोलीच्या मधोमध लावला, म्हणजे दारातून उजेड येईल आणि तिला रस्ता दिसेल. त्या बाहेरूनच म्हणाल्या, मास्तरीणबाई, भिंतीशी लावा हो, मध्ये वारा लागतो. मी म्हटलं, वारा लागला तर शाल आहे. चौतीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं. वाऱ्याने माणसं आजारी पडत नाहीत एवढं मला ठाऊक आहे.

अंपारोची नाडी: शहात्तर.

४ ऑगस्ट

घर धुऊन काढलं. स्वयंपाकघरात चूल, जातं, मका शिजवायचं काळं मडकं. वरच्या फळीवर कोळ्याच्या जाळ्यांमागे पाच लहान बरण्या सापडल्या, मेणाने बंद केलेल्या. आत चुना. चुना नाही असं स्वयंपाकघर या देशात नसतंच. त्याशिवाय मक्याचं साल कसं निघणार? पण हा फार जपून ठेवलेला दिसला. वस्त्रगाळ, पिठासारखा. एका बरणीत झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या होत्या, त्या मी काढून टाकल्या.

प्रत्येक झाकणावर कोळशाने एकेक खूण आहे. एकीवर गोल. दुसरीवर उजवीकडे जाणारी रेघ, तिसरीवर डावीकडे जाणारी. चौथीवर शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा. पाचवीवर नुसता ठिपका. ब्रिहिदाबाईंना लिहिता येत नसावं. ताज्या-जुन्या चुन्याच्या या त्यांच्या खुणा असतील. बाई टापटिपीची होती. मला अशी माणसं आवडतात.

अंपारोशी आमच्या पद्धतीने बोलले. डावा हात माझ्या हातात देते: एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. घर आवडलं का? एकदा. माझी आठवण काढून कुणी रडत असेल का शाळेत? दोनदा. आणि हसली. वाचा गेली तरी टवाळी गेलेली नाही.

५ ऑगस्ट

अळंब्या लावल्या. पद्धत एकदा नीट लिहून ठेवते.

गव्हाचा पेंढा बोटभर तुकड्यांत कापायचा. चुन्याच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, म्हणजे नको त्या बुरश्या मरतात. निथळून बरणीत भरायचा, थर पेंढ्याचा, थर बियांचा. बी म्हणजे बुरशी धरलेले गहू. ते मी विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाकडून आणलं आहे. तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी अंधारात ठेवून विसरायचं. दुधात विरजण लावल्यासारखंच आहे. घाई केली की बिघडतं.

चुना आणायला मी विसरले होते, आणि घरात असलेली वस्तू विकत आणणं मला जमत नाही. काल संध्याकाळी फळीवरचाच घेतला. पण पाचही बरण्यांतला चुना एकत्र केला नाही. खुणांचा अर्थ प्रतीचा असेल तर कोणती प्रत चांगली ते कळायला हवं. म्हणून पाच बादल्या, पाच मोठ्या बरण्या, आणि प्रत्येकीवर तीच खूण: गोल, उजवी रेघ, डावी रेघ, दोन रेघा, ठिपका. आज भरून लहान खोलीत ओळीने ठेवल्या. चुना सगळा संपला. लहान बरण्या धुऊन पालथ्या घातल्या.

कामाला लागलं की नवं घर आपलं होतं.

१४ ऑगस्ट

दिनक्रम बसला आहे. सकाळी अंपारोची नाडी, मक्याची पेज, मालीश. दुपारी तिला वाचून दाखवते. फिलोमेनाबाई ओसरीवर येऊन बसतात आणि सगळ्या गावाची धुणी धुतात. मी त्यांना अळंब्यांविषयी सांगितलं तर हसत सुटल्या. जंगलात पावसाळ्यात टोपलीभर मिळतात, त्या सोडून बरणीत कशाला कोंडता बाई, लोणचं आहे का ते? आणि शहरात शिकलेल्यांना वाकून काही उचलायला नको, असंही वर म्हणाल्या. मी म्हटलं, तोडायला या, मग बोलू. त्या म्हणाल्या, येईन की. पण उंबऱ्याबाहेरच द्या.

विचारलं, आत यायला काय होतं? तर म्हणे, गुडघे दुखतात. उंबरा दोन बोटं उंच आहे.

बरण्या पाहिल्या. पांढरं जाळं चांगलं धरतंय. गोलवाली सर्वात पुढे आहे, ठिपक्याची सर्वात मागे. इतका नेमका क्रम मी पूर्वी पाहिलेला नाही. वहीत नोंद केली.

नाडी: अठ्ठ्याहत्तर.

२६ ऑगस्ट

गोलवाल्या बरणीत पहिलं पीक. पण चमत्कारिक. शिंपल्यांसारखा झुपका यायला हवा, पाकळीवर पाकळी. इथे एकच मोठा गोळा आला आहे, राखाडी, वरून वळ्या पडलेला. पाठमोऱ्या बसलेल्या म्हातारीच्या अंबाड्यासारखा. वास मात्र चांगला, पावसात भिजलेल्या लाकडाचा.

कापला, कांदा आणि हिरवी मिरची घालून रस्सा केला. मला पोटाची तक्रार असल्याने मी घेतला नाही. अंपारोने वाडगाभर संपवला. आणखी हवा का? एकदा दाबला, जोरात.

२८ ऑगस्ट

अंपारो बोलली.

नीट लिहायलाच हवं. सकाळी नाडी मोजत होते. तिने तोंड उघडलं आणि स्पष्ट म्हणाली, चूल विझली आहे, बाई. पाच महिन्यांनंतर! मी तिला मिठी मारली, रडलेसुद्धा. मी रडत नाही. आईच्या वेळीही रडले नव्हते.

चूल खरोखरच विझली होती. पलंगावरून चूल दिसत नाही.

दवाखान्यातले तरुण डॉक्टर येऊन गेले. त्यांनी श्रेय डोंगरातल्या हवेला दिलं आणि स्वतः दोन कप कॉफी घेतली. मेंदू पुन्हा वाट शोधतो म्हणे. पटण्यासारखं आहे.

एकच गोष्ट खटकते. ती मला 'बाई' म्हणते. 'मिरा' म्हणत नाही. एदेल्मिराचं मिरा तिनेच केलं, तीन वर्षांची असताना. आई गेल्यापासून तिच्याशिवाय त्या नावाने मला कुणीच हाक मारत नाही. येईल हळूहळू.

१ सप्टेंबर

उजव्या रेघेची बरणी परवा तयार झाली. झुपका नाहीच. पाच लांब देठ, एक थोडा आखूड, बाजूला. अंपारोनेच मागून खाल्ल्या. मिठाशिवाय.

आज सकाळी स्वयंपाकघरातून थापटल्याचा आवाज आला. ती खुर्ची ढकलत तिथवर गेली होती आणि उजव्या हाताने, लुळ्या हाताने, मक्याच्या भाकऱ्या थापत होती. पातळ, गोल, एकसारख्या. अंपारोने आयुष्यभर वकिलाच्या कचेरीत टंकलेखन केलं. आमच्या घरी भाकऱ्या विकतच्या यायच्या. तिला पिठाचा गोळासुद्धा धरता येत नसे.

आणि थापताना बोलत होती. स्पॅनिश नव्हे. इथल्या म्हाताऱ्या आपसात बोलतात ती नावात्ल भाषा. आम्हां दोघींना त्यातले चार शब्द येत नाहीत.

ओसरीवर फिलोमेनाबाई होत्या. त्यांनी ते ऐकलं. नेहमीप्रमाणे काहीतरी टोमणा मारतील म्हणून मी वाट पाहिली. त्या उठल्या आणि टोपली विसरून गेल्या.

नाडी: बासष्ट. इतकी कमी कधीच नव्हती.

५ सप्टेंबर

डाव्या रेघेची बरणी मी तिला द्यायची नाही असं ठरवलं होतं. आधी विद्यापीठाला नमुना पाठवून विचारायचं. दुपारी टपाल टाकून आले तर बरणी रिकामी, आणि ती तोंड पुसत होती.

संध्याकाळी तिचा डावा हात हातात घेतला. विचारलं, अंपारो, बरं वाटतंय ना? हात दाबला नाही. पुन्हा विचारलं. नाही दाबला. तो हात माझ्या हातातून सुटला आणि माझं मनगट, बांगडी, बोटं चाचपू लागला. बाजारात कोंबडी चाचपतात तसा. मग ती म्हणाली, किती मऊ हात बाई तुमचे, कधी लाकडं फोडली नाहीत वाटतं.

चेहरा अंपारोचा. ओठ दोन्ही बाजूंनी हसत होते.

वाचा आली, हात आला. मी देवाचे आभार मानायला हवेत. पण आमचं जे बोलणं होतं ते गेलं. पाच महिने मुक्या असलेल्या बहिणीशी मी जास्त बोलत होते.

९ सप्टेंबर

चौथीही खाल्ली. लहान खोलीला कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या उशीखाली होती, तिने मागितली नाही, शोधलीही नाही. परसातल्या दगडाखालून दुसरी काढली. तिथे किल्ली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

ती चालते. काठीशिवाय. अनवाणी.

आज सकाळी अकराला घराबाहेर पडली. मी मागून गेले. पाय भरभर पडत होते, वरचं अंग मागे रेलून, कुणी ओढून नेल्यासारखं. रस्ता दफनभूमीचा. दोन वर्षांपूर्वी दरड पडून तो बुजला होता, आता मोकळा केलाय. आत शिरून ती डावीकडच्या तिसऱ्या ओळीत गेली आणि एका मातीच्या ढिगावर उताणी पडली. हात पसरून. डोळे मिटून.

लाकडी क्रुसावर नाव होतं ब्रिहिदा.

ओढून उठवलं तेव्हा रुसल्यासारखी म्हणाली, अजून एक राहिलंय ना. म्हणून घेत नाहीत मला.

११ सप्टेंबर

फिलोमेनाबाईंना गाठलं. त्या मका निवडत होत्या. मी सरळ विचारलं: त्या बरण्यांत काय होतं? त्या म्हणाल्या, कोणत्या बरण्या? मी म्हटलं, वरच्या फळीवरच्या. पाच. चुन्याच्या. खुणा केलेल्या.

मका पाखडायचं सूप त्यांच्या हातातून पडलं.

मग सगळं बाहेर आलं. ब्रिहिदाबाई गेली तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे तिला मोठ्या खोलीच्या मधोमध ठेवलं. पुरल्यावर त्याच जागी जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला. माणूस नऊ दिवस त्या क्रुसात राहतो, असं मानतात. नवव्या दिवशी पाच जणी तो उचलतात, एकेक भाग: आधी डोकं, मग उजवा हात, मग डावा, मग पाय, शेवटी काळीज. उचललेलं थडग्यावर नेऊन पुरतात, तेव्हा माणूस जातो. क्रूस मला माहीत आहे, आमच्याकडेही काढतात. पण शहरात एकच बाई झाडूने गोळा करते आणि रुमालात बांधून त्याच दिवशी नेते. पाच भाग, पाच बरण्या मी पाहिल्या नव्हत्या.

त्या नवव्या दिवशी दरड कोसळली. रस्ता गेला. पाचही जणींनी चुना तिथल्याच बरण्यांत भरला, खुणा केल्या, मेण लावलं, फळीवर ठेवला. रस्ता झाला की नेऊ. पाय फिलोमेनाबाईंनी उचलले होते. त्यांना वाटलं, काळीज उचलणाऱ्या कास्तुलाने चुना नेला असेल. कास्तुलाला वाटलं निएवेस नेईल. निएवेसची जायची तारीख ठरली होती. ती गेली. नंतर कुणी कुणाला विचारलं नाही. त्या म्हणाल्या, लाज वाटायची हो. विचारलं असतं तर कळलं असतं ना, नेला नाही म्हणून.

मी म्हटलं, मी त्यात पेंढा भिजवला.

त्या सांडलेला मका गोळा करायला वाकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, मास्तरीणबाई, तुम्ही एवढं शिकलेल्या. मेणाने बंद केलेला चुना कधी कुणी मक्यात घालतं का?

१२ सप्टेंबर

ठिपक्याची बरणी.

काळीज.

काल रात्रीपर्यंत नुसती पांढरी होती. आज फडक्याखाली एक कळी आहे. मुठीएवढी, लालसर. या जातीची अळंबी लालसर नसते.

तिने चारही खाल्ल्या. पाचवी खाल्ली की ब्रिहिदा पुरी होईल आणि तिला पोचवावं लागेल. तिला म्हणजे माझ्या बहिणीला. हे मी, विज्ञान शिकवलेली बाई, सरळ अक्षरात लिहिते आहे. मला वेड लागलेलं नाही. नाडी मोजली, माझी: चौऱ्याण्णव. भीतीची आहे, वेडाची नाही.

बरणी ट्रंकेत घातली. ट्रंकेवर मी बसले आहे.

१३ सप्टेंबर

जाळायचा प्रयत्न केला. सकाळी ती अंगण झाडत होती. बरणी पेटत्या चुलीत ठेवली. काच तडकली. ओला पेंढा नुसता धुमसला—

अंगणात धप्प आवाज. अंपारो पालथी. ओठ निळे. छाती धरलेली. नाडी लागेना. मी बरणी हातांनी बाहेर ओढली, पाणी ओतलं, हात भाजले. ती श्वास घ्यायला लागली.

म्हणजे जाळता येत नाही. फेकता येत नाही. सडू देता येत नाही. जे कळीचं होईल ते तिचं होईल.

पेंढ्याचा गोळा आता पातेल्यात ठेवला आहे, ओल्या फडक्यात. मीच त्याला पाणी शिंपडते. मीच.

१४ सप्टेंबर

फिलोमेनाबाई आल्या. उंबऱ्याबाहेरून. पाचही जणी जिवंत आहेत, सगळ्यांशी बोलल्या. उचललेलं पोचवावंच लागतं, म्हणाल्या. परवा सकाळी येऊ, फुलं आणि घंटा घेऊन. अंपारोबाईंना थडग्यावर नेऊ, प्रार्थना म्हणू, नवा चुना मातीत घालू, परत आणू.

मी विचारलं, परत कोण येईल?

त्या शालीच्या झालरीची गाठ सोडत बसल्या. सुटली नाही.

आत ती गाणं म्हणत होती. अंगाईसारखं काही. कुणाला, विचारलं. म्हणाली, निएवेसला. लेक आहे माझी. हाक मारते तिला, पण आतून काही वाटत नाही बाई. डोकं म्हणतं लेक. इथे नुसतं पोकळ आहे. आणि छातीवर हात ठेवला. अंपारोच्या छातीवर.

मला तिची दया आली. यायला नको होती.

१५ सप्टेंबर

कळी पूर्ण उमलली. शाळेतली मुलं उद्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या झेंड्यासाठी ढोल वाजवत आहेत. कळी त्या तालात नाही. स्वतःच्या तालात—

हलते. मी पाहिलं. मोजलं. मिनिटाला बासष्ट.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. पातेल्याकडे पाहते. घाई करत नाही. तिला ठाऊक आहे मला कधीतरी झोपावं लागेल.

एकच वाट उरते. तिच्यात चार आहेत. पाचवा भाग तिच्यात गेला नाही तर ती पुरी होणार नाही. पुरी नाही तर थडगं घेणार नाही. परत पाठवील. अंपारोला परत पाठवील.

मिठाशिवाय. कच्ची खाल्ली मी. चव पावसाची. मी शेवटचा तुकडा गिळला तेव्हा ती किंचाळली नाही. नुसती खाली बसली आणि म्हणाली, अहो बाई, हे काय केलंत.

नंतर

रडते आहे. थांबत नाही. निएवेससाठी. मी तिला कधी पाहिलेलं नाही. डाव्या भुवईवर तिच्या व्रण आहे, जात्याचा खुंटा लागला होता, चार वर्षांची होती, रक्त थांबेना—

मला हे कुठून—

दोघींची नाडी मोजली. एकाच वेळी, दोन्ही हातांनी. बासष्ट. बासष्ट. ठोक्याला ठोका.

१६ सप्टेंबर, सकाळ

पाचही जणी आल्या. काळ्या शाली, झेंडू, घंटा. प्रथमच उंबऱ्याच्या आत आल्या. पलंग उचलून भिंतीशी लावला. मधल्या जागेवर अंपारोला निजवलं आणि तिच्याभोवती गुडघे टेकले. किती जपून, किती आदराने. एकीने डोक्याला हात लावला, एकीने उजव्या हाताला, एकीने डाव्या. फिलोमेनाबाईंनी पाय धरले. रडत होत्या, माफी मागत होत्या, बये, उशीर झाला गं.

पाचवी, कास्तुला, रिकाम्या हाताने उभी राहिली. खोलीभर पाहिलं. मग माझ्याकडे.

मी म्हटलं, मी येणार नाही.

कास्तुला म्हणाली, मी ओढत नाही कुणाला. ते येतं आपणहून.

निघायच्या आधी मी अंपारोचा डावा हात धरला. कानात विचारलं, अंपारो, मी येऊ?

दाबला. एकदा— मग पुन्हा.

दोनदा. नाही.

ती आहे. आत आहे ती. माझी अंपारो आहे आणि ती नको म्हणते आहे.

दार लावलं. अडसर घातला. टेबलाशी बसले आहे. घड्याळ समोर.

नाडी अठ्ठावन्न.

घंटा विहिरीपाशी असेल. चोपन्न.

ती लांब गेली की कमी होते. ठोका तिच्याबरोबर जातो. बरोबर आहे, काळीज एकच, दोघींत— हे आधी का नाही सुचलं. चौतीस वर्षं शिकवलं.

एकोणपन्नास. बोटं गार. अक्षर नीट काढायला हवं.

पण माझ्याशिवाय थडगं तिला घेणार नाही. परत येतील. वळणापर्यंत जातील आणि परत येतील, ठोका वाढेल, मग मी—

त्रेचाळीस.

घंटा थांबली. वळणावर थांबल्यात. वाट पाहतात.

अडतीस. अडसर जड आहे. मी तो उचलणार नाही. अंपारोने दोनदा—

बाहेर हाक. लांबून, धुक्यातून. अंपारोच्या आवाजात.

मिरा.

मिरा, ये ना गं.

पण अंपारोने तर नको म्हटलं. हातात सांगितलं तिने. मग हे नाव घेऊन कोण

बत्तीस

अडसर माझ्या हातात का आ—